मदत हवी आहे: समुद्री टाकीत वाळूवर तपकिरी थर येतोय, काय घालू?

ठाणेकर_तीनफुटी
नमस्कार मंडळी. घरी मरीन टँक (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) लावलाय, ३ फुटी. गेल्या आठवड्यापासून वाळूवर तपकिरी थर यायला लागला, आता दगडांवर पण आहे आणि काचेवर बोट फिरवलं की बोटाला लागतो. काल पाऊण तास बसून वाळूचा वरचा थर पाइपने ओढून काढला, आज संध्याकाळी बघतो तर जैसे थे. दुकानवाला म्हणतो ९०० रुपयांची बाटली घाला, दोन दिवसात साफ. घालू का? आत दोन निमो (क्लाउनफिश) आहेत. जरा लवकर सांगा, उद्या त्याचं दुकान बंद असतं.

मालवणी_खेकडा
टाकी किती दिवसांची? पाणी कुठलं? लाइट किती तास? नायट्रेट, फॉस्फेट (शेवाळाचं खत) किती? फोटो कुठाय?

ठाणेकर_तीनफुटी
फोटो चढत नाहीये, साइज मोठी सांगतंय. पाणी आरओचं आहे. बाकी सगळं नॉर्मल. बाटली घालू की नको एवढंच सांगा ना.

मालवणी_खेकडा
नॉर्मल हा आकडा नाही भाऊ.

अप्पा_पुणे३०
सायनो (सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) आहे. डोळे झाकून सांगतो. माझ्या टाकीत सेम झालं होतं, एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या कुटून घातल्या, चार दिवसात गायब.

जलपरी_नाशिक
अप्पा, डोळे झाकल्यामुळेच सायनो दिसतोय तुम्हाला. सायनो लालसर मरून असतो, दुधावरच्या सायीसारखा अख्खा पापुद्रा निघतो आणि हाताला घाण वास येतो. त्यांनी तपकिरी लिहिलंय आणि बोटाला लागतं म्हणतायत. आणि नवीन टाकीत अँटिबायोटिक घालायला सांगताय? जे बॅक्टेरिया अमोनिया खातात त्यांचंच नुकसान झालं तर मासे कोण वाचवणार?

अप्पा_पुणे३०
ताई, माझे मासे आजही जिवंत आहेत. अनुभव सांगितला, पटला तर घ्या.

रात्रपाळी
मला डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशीय जीव) वाटतायत आणि तसं असेल तर देव तुमचं भलं करो. मी सहा महिने झगडलो. चूक माझीच, पाणी एकदम स्वच्छ ठेवायच्या नादात नायट्रेट फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणून ठेवलं, मग डायनोना रान मोकळं. जितकं पाणी बदलाल तितके वाढतात. गोगलगायी ते खाऊन मेल्या. शेंबडासारखे धागे लोंबतायत का? धाग्यांच्या टोकाला हवेचे बुडबुडे?

ठाणेकर_तीनफुटी
बुडबुडे आहेत थोडे. दुपारनंतर. आता टेन्शन आलं.

मालवणी_खेकडा
थोडे बुडबुडे कशालाही येतात हो, उजेडात शेवाळ ऑक्सिजन सोडणारच. धागे आहेत का ते सांगा. आणि टाकीचं वय राहिलंच.

ठाणेकर_तीनफुटी
धागे नाहीत, पिठासारखं आहे. हळद-कॉफी मिसळून भुरभुरल्यासारखं. हात हलवला की उडतं. टाकी ५ आठवडे. नायट्रेट १०, फॉस्फेट ०.१ च्या आसपास, रंग नीट कळत नाही ट्यूबलाइटमध्ये. लाइट सकाळी ८ ते रात्री ११.

जलपरी_नाशिक
१५ तास!! आधी ८ तासांवर आणा. बाकी हे ऐकून मला तरी साधे डायटम (एकपेशीय तपकिरी शेवाळ) वाटतात. नवीन टाकीत तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बहुतेकांना येतात, सिलिकेट (पाण्यात विरघळलेली सिलिका) संपलं की आपोआप जातात. डायटमचं कवचच सिलिकाचं, ते मिळालं नाही तर वाढणार कशावर.

कोलंबी_फ्राय
आरओच्या खर्चात कशाला पडलात, अलिबागहून चार कॅन समुद्राचं पाणी आणायचं, फुकट. आणि मालवणला ओळख असेल तर जिवंत दगडाचा (जीवजंतू वसलेल्या प्रवाळखडकाचा) तुकडा आणा, टाकी लगेच सेट होते.

मालवणी_खेकडा
मालवणचाच आहे म्हणून सांगतो, असलं काही करू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २००१ पासून. किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणणं म्हणजे वाघाच्या कलमात स्वतःला अडकवणं. आणि पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाण्याचा खारटपणा कुठच्या कुठे उतरतो, आपल्याला ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) लागतो.

कोलंबी_फ्राय
बरं बाबा. लहानपणी मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय बघायला जायचो, तिथे समुद्राचंच पाणी असायचं ना?

अप्पा_पुणे३०
तारापोरवाला! १९५१ चं ते. आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो, मी कासवासमोरून हललोच नाही, बाई ओरडत होत्या.

रात्रपाळी
अवांतर थांबवा राव. ठाणेकर, डायटम की डायनो हे घरीच कळतं. थर असलेलं पाणी ओढून बरणीत घ्या, जोरजोरात हलवा, कॉफीच्या फिल्टरमधून किंवा टिश्यूतून गाळा. गाळलेलं पाणी ग्लासात घेऊन टाकीच्या लाइटखाली तासभर ठेवा. डायनो असतील तर परत एकमेकांना चिकटून धागे, गोळे करतात. डायटम तसे जमत नाहीत. शाळकरी मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तमच, डायटम होडीसारखे किंवा काडीसारखे सोनेरी दिसतात, डायनो गरगर फिरत असतात.

गप्पी_प्रेमी
माझा गोल्डफिश उलटा पोहतोय दोन दिवस. कोणी सांगेल का?

जलपरी_नाशिक
गप्पी, वेगळा धागा काढा ना. तोवर एक दिवस उपाशी ठेवा, मग सोललेला उकडलेला मटार द्या.

ठाणेकर_तीनफुटी
केलं. तास नाही, दीड तास ठेवलं. गोळे झाले नाहीत, तळाला तपकिरी भुकटी बसली फक्त. म्हणजे डायटम ना? पण सिलिकेट कुठून येणार, मी पहिल्या दिवसापासून आरओचंच पाणी घालतोय, रोज दोन-तीन लिटर उडतं तेवढं भरतो.

मालवणी_खेकडा
आरओ म्हणजे कुठला? डीआय काडतूस (आरओतून सुटलेले क्षारही काढणारं) आहे ना पुढे?

ठाणेकर_तीनफुटी
स्वयंपाकघरातला. प्यायचा. सोसायटीला बोअरचं पाणी मिसळून येतं म्हणून लावलाय.

मालवणी_खेकडा
घ्या! हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर अर्धा धागा वाचला असता. प्यायच्या आरओत चवीसाठी न गाळलेलं पाणी थोडं परत मिसळतात, टीडीएस (विरघळलेले क्षार) अ‍ॅडजस्टरचा स्क्रू असतो बघा मागे. काहींमध्ये वर मिनरलचं काडतूस. त्यात बोअर, आणि आपल्याकडे सगळा काळा कातळ, त्यातल्या पाण्यात सिलिका भरपूर. उडतं ते नुसतं पाणी, सिलिका आतच राहते, तुम्ही रोज नवी ओतताय. टीडीएस पेन आहे?

ठाणेकर_तीनफुटी
शेजाऱ्यांकडून आणला. ६८ दाखवतोय.

जलपरी_नाशिक
शून्य हवा. वेगळं आरओ-डीआय युनिट घ्या किंवा तोवर डीआयचं पाणी विकत आणा. एक लक्षात ठेवा, डीआयमधलं रेझिन (क्षार धरणारे दाणे) संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकाच सुटते आणि पेनला ती धड कळत नाही, त्यामुळे रंग बदलला की रेझिन बदलायचं, शून्य दिसतंय म्हणून थांबायचं नाही. वाळू कसली आहे? चमचाभर व्हिनेगरमध्ये टाका, फसफसली तर चुनखडीची (अरागोनाइट वगैरे), ठीक आहे.

ठाणेकर_तीनफुटी
फसफसली. मग बाटली?

मालवणी_खेकडा
नाही!!

अप्पा_पुणे३०
माझ्याकडे एक स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) पडून आहे, कोणाला हवा असल्यास व्यनि करा. (आणि ते सायनोच आहे.)

ठाणेकर_तीनफुटी
अपडेट, १६ दिवसांनी. डीआय बसवलं, लाइट ८ तास, दोनदा २० लिटर पाणी बदललं, चार गोगलगायी सोडल्या. वाळू बरीच पांढरी झालीये, निमो मजेत. पण परवापासून मागच्या काचेवर हिरवे ठिपके आलेत, खरवडून निघत नाहीत. हे काय आता? लवकर सांगा, उद्या दुकान बंद असतं.

मालवणी_खेकडा
फोटो टाका.