विंडोज १० चे एकच अपडेट महिनाभर अडकले आहे. फॉरमॅट न करता काय करता येईल?

प्रश्न (सोलापूर, १७ फेब्रुवारी २०२४)

नमस्कार. आमच्या घरच्या संगणकावर विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आहे आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून केबी ५०३४४४१ या क्रमांकाचे अपडेट काही केल्या बसत नाही. टक्केवारीचा आकडा चढत जातो, शेवटी बराच वेळ एका जागी थांबतो आणि मग ०एक्स८००७०६४३ हा त्रुटी क्रमांक येतो. 'रीट्राय' दाबले की पुन्हा पहिल्यापासून तेच. आतापर्यंत मी संगणक अनेकदा रीस्टार्ट केला, अपडेटचा ट्रबलशूटर चालवला आणि एका व्हिडिओत पाहून 'सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन' हे फोल्डरही रिकामे केले. सी ड्राइव्हमध्ये ९० जीबी जागा मोकळी आहे.

मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीची सचिव आहे. नऊ वर्षांची इतिवृत्ते, देखभाल शुल्काच्या पावत्या आणि सभासदांची नोंदवही याच संगणकावर आहे, आणि जुनी इतिवृत्ते श्रीलिपीत टंकलेली असल्यामुळे तो फॉण्ट नसेल तर ती नीट वाचताही येत नाहीत. दुरुस्तीसाठी संगणक नेला तेव्हा दुकानदाराने पाच मिनिटांत "विंडोज करप्ट झाले आहे, फॉरमॅट मारावा लागेल" असे सांगितले. मी संगणक तसाच परत आणला. फॉरमॅट टाळून हे दुरुस्त होण्यासारखे आहे का, आणि तोपर्यंत हा संगणक वापरणे सुरक्षित आहे का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (नाशिक)

सचिवताई, आधी विंडोजच्या मूळ फाइली शाबूत आहेत का ते तपासा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा द्या: आधी डिस्म चालवा आणि ते पूर्ण झाल्यावर एसएफसी चालवा. डिस्म ज्या साठ्याची दुरुस्ती करते, त्याच साठ्यातून एसएफसी चांगल्या फाइली उचलते, म्हणून हा क्रम उलटा करू नये. शिवाय, बाकीची अपडेट बसतात की सगळीच अडकली आहेत, तेही कळवावे.

प्रश्नकर्ती

दोन्ही चालवून पाहिले. डिस्म बासष्ट टक्क्यांवर बराच वेळ थांबले होते, पण शेवटी पूर्ण झाले. एसएफसीला एकही दोष सापडला नाही. अपडेटचा इतिहास उघडला तेव्हा फेब्रुवारीचे मासिक अपडेट, म्हणजे केबी ५०३४७६३, १४ तारखेला व्यवस्थित बसलेले दिसले. अडले आहे ते फक्त जानेवारीचे एक.

प्रतिसाद (डोंबिवली)

या शेवटच्या दोन वाक्यांनी निदान बरेचसे झाले आहे. मासिक अपडेट बसले याचा अर्थ तुमचे विंडोज करप्ट झालेले नाही. मी पंधरा वर्षे कार्यालयांमधले संगणक सांभाळतो आणि गेल्या महिनाभरात नेमकी हीच तक्रार घेऊन आलेले कितीतरी संगणक पाहिले आहेत, त्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

केबी ५०३४४४१ हे नेहमीसारखे अपडेट नाही. ते सी ड्राइव्हवरच्या विंडोजसाठी नसून 'विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट'साठी आहे. संगणक सुरूच होत नाही तेव्हा दुरुस्तीचे पर्याय दाखवणारा जो निळा पडदा येतो, ते म्हणजे हे छोटे विंडोज, आणि ते बहुतेक संगणकांवर डिस्कच्या एका वेगळ्या, ड्राइव्हचे अक्षर नसलेल्या भागात, म्हणजे पार्टिशनमध्ये राहते. विंडोज बसवताना हे पार्टिशन साधारण ५०० एमबीचे आखले जाते. नवे अपडेट तिथे बसण्यासाठी २५० एमबी मोकळे लागतात आणि तेवढे तिथे नसतात. सी ड्राइव्हवर ९० जीबी असली तरी त्या पार्टिशनला तिचा काहीही उपयोग नाही.

दिशाभूल झाली ती त्रुटी क्रमांकामुळे. ०एक्स८००७०६४३ चा अर्थ 'बसवणे अयशस्वी' एवढाच मोघम आहे. खरे तर 'जागा अपुरी आहे' असा निरोप यायला हवा होता, पण त्रुटी कळवणाऱ्या भागातच दोष असल्यामुळे भलताच क्रमांक दिसतो, हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केले आहे. तो क्रमांक पाहून लोक फोल्डर रिकामे करतात, फाइली तपासतात, शेवटी फॉरमॅट करतात. फॉरमॅट केल्यावर इन्स्टॉलरने पुन्हा तेवढेच लहान पार्टिशन आखले, तर दोन दिवसांनी तोच क्रमांक पुन्हा समोर येतो.

सुरक्षिततेविषयी सांगायचे तर, या अपडेटने बुजवलेली पळवाट बिटलॉकरशी संबंधित आहे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असलेला संगणक कोणाच्या प्रत्यक्ष हाती लागला, तर रिकव्हरीच्या मार्गाने ते कुलूप चुकवता येत होते. तुमच्या डिस्कवर असे कुलूप नसेल, तर या अपडेटवाचून तुमचे व्यवहारात काही अडत नाही, आणि मासिक अपडेट येत आहेत तोवर संगणक निर्धास्तपणे वापरावा. मायक्रोसॉफ्टचे 'शो ऑर हाइड अपडेट्स' हे छोटे साधन वापरून हे एक अपडेट लपवले, तरी मी त्याला चूक म्हणणार नाही. दुरुस्तच करायचे असेल, तर आधी विंडोजमधलेच 'डिस्क मॅनेजमेंट' हे साधन उघडून पार्टिशने कोणत्या क्रमाने आहेत ते येथे लिहा. तूर्त कशालाही हात लावू नका.

प्रश्नकर्ती

डिस्क २४० जीबीची एसएसडी आहे. डावीकडून १०० एमबीचे ईएफआय (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचे पार्टिशन), मग सी, आणि शेवटी ५०५ एमबीचे रिकव्हरी पार्टिशन आहे. मात्र त्या शेवटच्या पार्टिशनसमोर '१०० टक्के मोकळे' असे लिहिलेले दिसते. मग जागा नाही असे कसे म्हणता येईल? बिटलॉकर सुरू नाही.

प्रतिसाद (डोंबिवली)

रास्त शंका आहे. त्या पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर नसल्यामुळे डिस्क मॅनेजमेंटला आतला हिशेब लागत नाही आणि ते सरसकट शंभर टक्के मोकळे असे दाखवते. ईएफआयसमोरही तसेच दिसत असेल. खरा आकडा हवा असेल तर पॉवरशेल उघडून 'गेट-व्हॉल्यूम' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकावी आणि ५०५ एमबीच्या ओळीत किती जागा शिल्लक दिसते ते पाहावे.

प्रश्नकर्ती

८३ एमबी.

प्रतिसाद (डोंबिवली)

म्हणजे निदान पक्के झाले. तुमचे रिकव्हरी पार्टिशन सीच्या लगेच उजवीकडे आहे ही चांगली गोष्ट आहे, कारण सीच्या शेपटाकडून २५० एमबी कापून ते थेट याला जोडता येतात. काही जुन्या संगणकांवर ते डिस्कच्या अगदी सुरुवातीला असते. तिथे ते वाढवता येत नाही आणि शेवटी नवे पार्टिशन करावे लागते.

कामाला बसण्यापूर्वी सोसायटीचे सर्व दप्तर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि त्यातल्या दोनतीन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय ती प्रत झाली असे समजू नका. श्रीलिपीच्या फॉण्ट फाइलीही सोबत घ्या. वीज जाण्याची शक्यता असेल तर संगणक यूपीएसवर ठेवा.

मायक्रोसॉफ्टच्या केबी ५०२८९९७ या मदतलेखात सर्व आज्ञा क्रमाने दिल्या आहेत. त्या तिथूनच कॉपी कराव्यात, कारण नव्या पार्टिशनची ओळख सांगणारी लांबलचक अक्षर-अंकमालिका हाताने टंकताना हमखास चुकते. मी फक्त प्रत्येक टप्प्यावर काय घडते ते सांगतो. 'रीएजंटसी' ही रिकव्हरीची व्यवस्था पाहणारी आज्ञा आहे. 'रीएजंटसी /इन्फो' दिल्यावर रिकव्हरी कोणत्या डिस्कवर आणि कितव्या पार्टिशनमध्ये आहे ते दिसते. ते दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा. मग 'रीएजंटसी /डिसेबल' दिले की ते छोटे विंडोज सी ड्राइव्हवरील 'विंडोज', त्यातील 'सिस्टिम३२' आणि त्यातील 'रिकव्हरी' या फोल्डरमध्ये 'विनआरई' नावाच्या फाइलीच्या रूपाने येऊन बसते. ही फाइल लपलेली असते, पण ती तिथे खरोखर आहे याची खात्री केल्याखेरीज पुढे जाऊ नये, कारण यानंतर आपण तिचे मूळ घर पाडणार आहोत.

त्यापुढचे काम डिस्कपार्ट या पार्टिशने हाताळणाऱ्या विंडोजच्या साधनात होते. सी निवडून ते २५० एमबीने आक्रसायचे, मग रिकव्हरी पार्टिशन निवडून पुसायचे आणि मोकळ्या झालेल्या सगळ्या जागेत नवे करायचे. पुसण्याच्या आज्ञेत 'ओव्हरराइड' हा शब्द असतो. तो दिल्यावर डिस्कपार्ट संरक्षित पार्टिशनही काही न विचारता पुसून टाकते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी पुन्हा एकदा पार्टिशनांची यादी काढून, निवडलेल्या पार्टिशनसमोर चांदणी आहे आणि त्याचा आकार ५०५ एमबीच आहे, हे कागदाशी ताडून पाहा. एवढे एक काम घाईने करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरच्या पार्टिशनांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत, आणि नवे पार्टिशन करण्याची आज्ञा दोन्हींसाठी वेगवेगळी आहे. डिस्कच्या यादीत जीपीटीच्या रकान्यात चांदणी दिसली की तुमची डिस्क जीपीटी आहे. शेवटी 'रीएजंटसी /एनेबल' दिले की ते छोटे विंडोज नव्या घरी जाते.

प्रतिसाद (पणजी)

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे मासिक अपडेटच बसत नाही आणि क्रमांक ०एक्स८००७३७१२ येतो. मलाही पार्टिशन वाढवावे लागेल का?

प्रतिसाद (नाशिक)

नाही, आपला आजार वेगळा आहे. या क्रमांकाचा अर्थ विंडोजच्या घटकांचा साठा बिघडला आहे, आणि मी वर सचिवताईंना सांगितलेला डिस्म आणि एसएफसीचा उपाय मुळात याच दुखण्यावर आहे. त्याने काम झाले नाही, तर विंडोज १० बसवण्याचे सर्व साहित्य असलेली आयएसओ फाइल उतरवून, चालू विंडोजमधूनच तिचा सेटअप चालवावा आणि फाइली व प्रोग्राम ठेवण्याचा पर्याय निवडावा. आपल्या फाइलींना धक्का न लागता विंडोज नव्याने बसते. पार्टिशनच्या फंदात आपण मुळीच पडू नये.

प्रश्नकर्ती (१८ फेब्रुवारी)

आज रविवार असल्याने सकाळीच बसले. दप्तराची प्रत घेऊन ती भावाच्या लॅपटॉपवर उघडून पाहिली आणि मग मुलीला शेजारी बसवून प्रत्येक आज्ञा तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. पुसण्याच्या आज्ञेपाशी आम्ही यादी तीनदा काढली, कारण तिथे, डिस्क मॅनेजमेंटमध्ये न दिसणारे एक पार्टिशन धरून, सी तिसऱ्या क्रमांकावर आणि रिकव्हरी चौथ्या क्रमांकावर होते आणि माझी पहिली निवड चुकून तिसऱ्याची झाली होती. चांदणी पाहिली नसती तर पुसण्याची आज्ञा सीवरच दिली गेली असती.

आता रिकव्हरी पार्टिशन ७५५ एमबीचे झाले आहे आणि 'रीएजंटसी /इन्फो' दिल्यावर ते सुरू असल्याचे दिसते. त्यानंतर 'रीट्राय' दाबले आणि केबी ५०३४४४१ पहिल्याच प्रयत्नात बसले. त्याने रीस्टार्टसुद्धा मागितला नाही. श्रीलिपीतली २०१५ ची इतिवृत्तेही उघडून पाहिली, ती जशीच्या तशी आहेत. डोंबिवलीकर आणि नाशिककर, आपण दोघांनी दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार.