एक गोल खाल्ला की आमचा स्टँड गप्प होतो. शाहू स्टेडियमवर सगळ्यांना एका सुरात गायला लावायचं कसं?

सातवी_पायरी:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, पेठेतला. शाहू स्टेडियमवर पहिल्यांदा गेलो तो वडिलांच्या खांद्यावर बसून. आज वय बेचाळीस. उद्यमनगरात लेथवर काम करतो. आमच्या तालमीची मॅच चारची असली की त्या दिवशी सकाळी सातलाच कामाला लागतो आणि तीनला हात धुतो. तालमीचं नाव लिहीत नाही, कारण हे दुखणं एकट्या आमच्या तालमीचं नाही.

बाहेरगावच्यांसाठी सांगतो. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा असतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं मुळात आखाड्याची आणि पेठेची. सेंटर हाफ सकाळी दुधाच्या कट्ट्यावर भेटलेला असतो, गोलकीपरच्या आईला आपण मावशी म्हणतो. त्यामुळं पब्लिकची कमतरता नाही. मोठ्या मॅचला पायरीवर बूड टेकायला जागा मिळत नाही.

तरीपण आवाज लागत नाही. गोंगाट होतो, पण गाणं होत नाही. पहिली दहा मिनिटं एका कोपऱ्यात ढोल चालू असतो, दुसरीकडं दहा-बारा पोरं पिपाण्या फुंकतात, मधल्या पायऱ्यांवर तिसरीच घोषणा उठते. कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. मग आपल्यावर गोल होतो. त्यानंतरची पाच मिनिटं मला सगळ्यात जास्त खुपतात. हजारो माणसं एकदम गप्प बसतात आणि त्या शांततेत पहिली शिवी पडते. मग दुसरी. मग सगळ्यांना एकत्र म्हणता येणारी गोष्ट तेवढीच उरते. नेमकी तीच ताला-सुरात होते, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

मागच्या हंगामात माझी अकरा वर्षांची मुलगी बरोबर होती. फुटबॉल तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो, ऑफसाइड माझ्या आधी ओरडते. तिनं एका घोषणेचा अर्थ विचारला. मी सांगू शकलो नाही. त्यानंतर ती मॅच मोबाईलवर बघते.

मला शिव्या बंद करा असं भाषण द्यायचं नाही, ते पोलीसही देतात आणि माइकवरूनही होतं. त्या जागी दुसरं काही द्यायचं आहे. तीनशे माणसांना, आधी सराव न करता, पूर्ण मॅचभर एका तालात कसं धरून ठेवायचं? आणि मुख्य म्हणजे गोल खाल्ल्यावर त्या पाच मिनिटांत काय म्हणायचं? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगावं.

हलगी_कागल:

भावा, तुझं अर्धं उत्तर खासबागेत आहे. शाहू महाराजांनी ते मैदान 1912 साली उभं केलं, तेव्हापासून कुस्ती आणि हलगी वेगळी झालेली नाही. पण बघ, हलगीवाला सगळ्या वेळ वाजवत नाही. पैलवान खडाखडी करत असतात तोवर हात हलका असतो. एकानं पट काढला की टिपरू (हलगी वाजवायची काठी) चढतं. पब्लिकला डोळ्याच्या आधी कानानं कळतं की आता काहीतरी होणार.

तुमच्या स्टँडमधला ढोल एकसारखा चालू असतो, म्हणून कुणी ऐकत नाही. आधी एकच हलगी म्होरकी ठरवा. बाकीच्या हलग्या आणि घुमकं (साथीचं वाद्य) तिच्या मागं. म्होरकी थांबली की सगळे थांबले पाहिजेत, हा नियम पहिल्या दिवशी पक्का करा. वाजवण्यापेक्षा थांबायला शिकायला जास्त दिवस लागतात. आमच्या पथकात नवीन पोराला मी महिनाभर नुसता थांबाच शिकवतो.

दुसरं, चामडं शेकून आणा. थंडीत चारच्या मॅचला हलगी उन्हात शेकते, पण सहाला ऊन गेलं की आवाज बसतो. स्टेडियमात जाळ करता येत नाही, म्हणून दोन हलग्या जास्तीच्या ठेवा, फडक्यात गुंडाळून. दुसऱ्या हाफला त्या काढा. आणि पिपाण्यांना हात जोडून नको म्हणा. 2010 च्या वर्ल्ड कपात दक्षिण आफ्रिकेत ते वुवुझेला वाजत होते ना, टीव्हीवरसुद्धा गाणं ऐकू येत नव्हतं, नुसती गुणगुण. एकसुरी आवाज बाकी सगळे आवाज खातो.

डॉर्टमुंडची_वारी:

मी मूळचा सांगलीचा, गेली नऊ वर्षं जर्मनीत डॉर्टमुंडजवळ नोकरीला. इथल्या फुटबॉल स्टेडियमच्या दक्षिण स्टँडमध्ये मी उभा राहिलेलो आहे, त्यामुळे आतून जे दिसलं ते सांगतो.

त्या एका स्टँडमध्ये जर्मन लीगच्या सामन्यांना 24,454 माणसं उभी असतात. लांबून वाटतं की सगळे आपोआप गातात. तसं नाही. खाली कठड्यापाशी उंचवट्यावर एक माणूस असतो, हातात भोंगा, तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ मैदानाकडे. इटलीतून आलेला शब्द आहे, कापो. तो पूर्ण सामना बघत नाही. गोल झाला हे त्याला आमच्या चेहऱ्यावरून कळतं. त्याच्या शेजारी ढोल. गाणं कधी सुरू करायचं, किती वेळ ओढायचं, कधी बदलायचं हे तो एकटा ठरवतो. तुमच्याकडे तीन ठिकाणी तीन घोषणा उठतात त्याचं कारण हेच, की ठरवणारं माणूस नाही.

आता थोडं ध्वनीबद्दल, कारण ही बाजू लोक विसरतात. आवाज एका सेकंदात साधारण 343 मीटर जातो. म्हणजे शंभर मीटरवरच्या माणसाला तुमचा ठोका जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो. तुम्ही सेकंदाला दोन टाळ्या वाजवत असाल तर दोन टाळ्यांमधलं अंतर अर्धा सेकंद. त्यातले 0.3 गेले की समोरचा तुमच्या दोन टाळ्यांच्या जवळजवळ मध्ये वाजवतो. दोघंही मनापासून वाजवतात आणि दोघांचाही ताल फाटतो. म्हणून लांबलचक स्टँडमध्ये जलद चाल कधीच जमत नाही. चाल संथ ठेवा. ढोल एका टोकाला न ठेवता गटाच्या मधोमध, खालच्या बाजूला ठेवा. आणि कानापेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा: म्होरक्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळी दिली की ती सगळ्यांना एकाच क्षणी दिसते, तिला उशीर होत नाही.

आइसलँडच्या पाठीराख्यांनी 2016 च्या युरो कपात हेच केलं. इंग्लंडला 2-1 नं हरवणारा तो संघ. ढोलाचे ठोके, मग लांब शांतता, मग सगळ्यांची एक टाळी आणि एक हुंकार. अंतर इतकं मोठं की कुणी चुकूच शकत नाही, मग हळूहळू अंतर कमी करत न्यायचं. त्यात शब्दसुद्धा नाहीत. नवख्या गर्दीसाठी ह्याहून सोपी सुरुवात मला माहीत नाही.

छपराचाही मोठा हात असतो. इथे डोक्यावर छप्पर आहे, आवाज आदळून मैदानावर जातो. उघड्या पायऱ्यांवर तो आभाळात जातो. त्यावर उपाय एकच: पसरू नका. तीनशे माणसं आख्ख्या बाजूला विखुरलेली असण्यापेक्षा साठ माणसं खांद्याला खांदा लावून उभी असली तर आवाज जास्त येईल. साठांनी सुरुवात करा, बाकीचे शेजारून जोडले जातात.

जुना_हाफबॅक:

मी सत्तरीच्या दशकात ह्या मैदानावर खेळलोय. एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मैदानाचं भजन करू नका. समोरच्या पेठेला डिवचणं हा आमच्या फुटबॉलचा जीव आहे. समोरचा स्टँड खवळला की आमच्या पायात बळ यायचं. पण त्या वेळी डिवचायचे ते खेळावरून. तुमचा बॅक दमला, तुमच्या कीपरला उंच बॉल दिसत नाही, असं. आईबहीण कुणी काढली तर शेजारचा म्हाताराच कानाखाली द्यायचा, पोलिसाची वाट बघत नव्हता. तेव्हा टोमणा ठेवा, शिवी काढा. टोमण्याला डोकं लागतं, म्हणून तो लोकांना पाठ होतो.

आणि पोरांना पुढं बसवा. अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून खेळला, तो आपल्या कोल्हापूरचा. पुढचा जो कोण असेल तो आज दहा वर्षांचा असेल आणि पायरीवर बसून हे सगळं ऐकत असेल.

कंठीरवा_पश्चिम:

मी साताऱ्याची, बंगळुरूत असते. कंठीरवा स्टेडियमवर वेस्ट ब्लॉकमध्ये, म्हणजे बंगळुरू एफसीच्या पाठीराख्यांच्या स्टँडमध्ये, अनेक हंगाम उभी राहिले आहे. सातवी_पायरी दादा, तुमच्या मुलीचं वाचून लिहावंसं वाटलं.

कंठीरवा हे मुळात ॲथलेटिक्सचं स्टेडियम. स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये धावपट्टी. म्हणजे आवाज पोचवणं तिथे आणखी अवघड. पहिल्यांदा गेले तेव्हा मला एकही गाणं येत नव्हतं आणि कन्नडही येत नव्हतं. तरी दहाव्या मिनिटाला मी गात होते, कारण गाणी छोटी, आणि एकच ओळ वीस-वीस वेळा. नवीन माणसाला तिसऱ्या फेरीपर्यंत शब्द कळतात, पाचव्या फेरीला तोंड उघडतं. आपले लोक दोन फेऱ्या झाल्या की गाणं सोडतात. ओढत राहा, लाजू नका.

बायका स्टँडमध्ये आल्या की भाषा बदलते, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण दोघी-तिघी येऊन उपयोग नाही, त्यांच्याकडे सगळे वळून बघतात. पंधरा-वीसजणी एकदम आणा, आणि त्यांना कडेला न बसवता हलगीच्या जवळ उभं करा.

शब्दांसाठी मात्र परदेशाकडे बघायची गरज नाही. पोवाडा आठवा. शाहीर ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी “जी जी रं जी” उचलतात. झील धरायला गाणं यावं लागत नाही, शेवटचे दोन शब्द यावे लागतात. माझे आजोबा गावच्या जत्रेत झीलकरी होते, त्यांना अख्खा पोवाडा कधीच पाठ नव्हता.

सातवी_पायरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. मी पंधरा दिवसांनी लिहितोय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

ताईंची झील डोक्यात बसली. रात्री जेवण झाल्यावर घरात बसून चार सवाल-जवाब केले. म्होरक्या विचारतो, “पाऊल मागं?” सगळे म्हणतात, “न्हाई रं न्हाई!” म्होरक्या म्हणतो, “मैदान कुणाचं?” सगळे, “पेठेचं रं पेठेचं!” आणि त्या पाच मिनिटांसाठी वेगळं: “एक खाल्ला?” “दोन घालू!” “दोन खाल्ले?” “तीन घालू!” हे शेवटचं माझ्या मुलीनं सुचवलं. मी आधी फार लांबलचक काहीतरी लिहिलं होतं, तिनं सगळं खोडून दोन-दोन शब्दांवर आणलं.

रविवारी सकाळी मोकळ्या जागेत बावीस जण जमलो. हलगी एकच. कागलच्या दादांनी सांगितलं तसं आधी नुसता थांबा घेतला. पहिला अर्धा तास कुणालाच थांबता येईना, टिपरू थांबलं तरी तोंडं चालू. डोक्यावरची टाळी मात्र पहिल्या झटक्यात जमली. 343 मीटरचं गणित पोरांना सांगितलं, तेव्हा दोघं पळत लांब जाऊन टाळ्या वाजवून आले, खरंच मागंपुढं ऐकू येतंय म्हणाले.

परवाच्या मॅचला आम्ही चाळीसएक जण एकत्र उभे राहिलो. पहिल्या हाफमध्ये शेजारचे नुसते बघत होते. आपल्यावर गोल झाला तो दुसऱ्या हाफमध्ये. माझा भाचा म्होरक्या होता, त्याची पाठ मैदानाकडं, त्याला कळायला क्षणभर लागला. त्यानं हात वर केला, हलगी थांबली, आणि त्यानं विचारलं, “एक खाल्ला?” चाळीस जणांनी जवाब दिला. तिसऱ्या वेळी वरच्या चार पायऱ्या आमच्याबरोबर होत्या. लांबच्या कोपऱ्यात शिव्या झाल्याच, तिथपर्यंत आम्ही पोचलो नाही. मॅच 1-1 सुटली.

हाफबॅक काका, टोमणे तुम्हीच लिहून द्या. खेळावरचे चार चांगले द्या, मी बसवतो.

अडचण एक राहिली आहे. भाच्याला पुढच्या मॅचला सुट्टी नाही आणि पाठ करून उभं राहायला दुसरं कुणी तयार नाही, सगळ्यांना मॅच बघायची आहे. म्हणून मी उभा राहतोय. मुलगी समोर तिसऱ्या पायरीवर बसणार आहे; बॉल कुठं आहे हे हातानं दाखवायचं, असं आमचं ठरलंय. ज्यांना यायचंय त्यांनी साडेतीनला हलगीच्या उजव्या हाताला उभं राहावं, पिपाणी घरी ठेवून.