सरकारी शाळेतले सण : आपला अनुभव काय?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाटीपूजन होत असे. एकाचे आकडे जुळवून काढलेल्या सरस्वतीला हळदकुंकू आणि झेंडू वाहून झाला की चुरमुरे मिळत. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास राज्यघटनेचे कलम २८ मनाई करते, हे पुढे हायस्कुलात कळले. पण पाटीपूजन त्यात मोडते का, हे तिथेही कोणी सांगितले नाही. हात न जोडणाऱ्या मुलाचे तेव्हा काय होई, हे कोणी लिहिल्यास बरे होईल.

माजी विद्यार्थी, नागपूर जिल्हा
तो मुलगा मीच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेणाऱ्यांत माझे आजोबा होते, आणि बावीस प्रतिज्ञांपैकी तिसरी गौरी-गणपतीसह हिंदू धर्मातील कोणत्याही देवतेची उपासना न करण्याची आहे. आमचा दसरा म्हणजे अशोक विजयादशमी. त्या दिवशी पांढरे कपडे घालून आम्ही दीक्षाभूमीवर जात असू. चौथीत मी पाटी नेली, पण तिच्यावर सतराचा पाढा लिहिला. गुरुजी रागावले नाहीत. "तुमच्यात चालत नाही का रे?" असे त्यांनी सर्वांसमोर मायेने विचारले, आणि त्या मायेचाच मला अधिक त्रास झाला, कारण तोवर वर्गात 'आमच्यात' आणि 'तुमच्यात' असे काही असते हे माझ्या सोबत्यांच्या गावीही नव्हते. चुरमुरे मात्र मी खाल्ले.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर जिल्हा
आषाढीला सुट्टी असल्याने आमची दिंडी आदल्या दिवशी निघे. कलम २८ च्या तिसऱ्या पोटकलमात अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी करून घेण्यासाठी पालकाच्या संमतीची अट आहे. आम्ही ती कधीच विचारली नाही, त्या दिवशीच्या हजेरीपटावरून काय ते समजून घेतले. पुढे ग्रंथदिंडी काढली, तेव्हा एरवी घरी राहणारी मुलेही आली. पालखीत पुस्तके होती, टाळ तेच होते.

पालक, न्यू जर्सी
इकडे गणपती शाळेत बसतो, पण तो शाळेचा नसतो. सरकारी शाळेने बायबलवाचन घेणे घटनाबाह्य असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ठरवले. मात्र शाळा सुटल्यावर बाहेरच्या संस्थांना जागा दिली जात असेल, तर केवळ धार्मिक म्हणून एखाद्या संस्थेला नकार देता येत नाही, असेही त्याच न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले. म्हणून आमचे मंडळ शनिवारी सभागृह भाड्याने घेते. उघड्या ज्योतीला परवानगी नसल्याने आरती बॅटरीच्या दिव्यांनी होते. गुलालापायी मात्र एकदा सफाईचे जादा पैसे भरावे लागले.