टक्क्यापेक्षा वेग पाहा

'म्हाताऱ्यांचा देश म्हणजे जपान' असं कुणी म्हटलं, तर ते आजच्या आकड्यापुरतं पटतं. तिथे साधारण 29 टक्के लोक पासष्टीच्या पुढचे आहेत. पण देशांची तुलना करताना मला आजच्या टक्क्यापेक्षा देश म्हातारा होण्याचा वेग जास्त बोलका वाटतो.

पासष्टीपुढच्यांचा वाटा 7 वरून 14 टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून जास्त वर्षं लागली. जपानने तेच अंतर 1970 ते 1994 मध्ये कापलं. दक्षिण कोरियाने तर 2000 ते 2018 मध्येच, आणि 2024 च्या अखेरीस तिथला आकडा 20 टक्क्यांवर गेलासुद्धा! म्हणजे फ्रान्समध्ये पेन्शन, दवाखाने, करव्यवस्था हे सगळं सावकाश उभं राहिलं; कोरियात एकाच पिढीने तरुण देशही पाहिला आणि म्हाताराही.

आणखी एक. 'लोक जास्त जगतात म्हणून देश म्हातारा होतो' हे अर्धंच खरं. मोठा वाटा घटत्या जन्मदराचा आहे. कोरियात 2023 साली तो दर बाईमागे 0.72 मुलं इतका खाली आला होता. स्थलांतराने थोडा दिलासा मिळतो, पण येणारे तरुणही पुढे म्हातारे होतातच की.