विषय: कपचा निकाल कळवा, माझी चिठ्ठी रेड काडोची

४ नोव्हेंबर २०१४

नमस्कार मंडळी,
दिवाळीला पुसेगावात मामांकडे आलोय. तुमच्या दुपारी तीनला, म्हणजे इथल्या साडेनऊला, फोनवर मेलबर्न कप ही ऑस्ट्रेलियातली घोड्यांची शर्यत लावली आणि गेट उघडायच्या आत रेंज गेली. मामा बशीत चहा ओतून शेजारीच. मे महिन्यातल्या बैलगाडा शर्यतींवरच्या सुप्रीम कोर्टाच्या बंदीपासून त्यांची खिलार जोडी दावणीलाच आहे, त्यामुळे कुठलीही शर्यत चालते त्यांना. कुणीतरी निकाल टाका.
– सुट्टीवरचा

Re:
सुट्टीकर, तुमचा घोडा दुसरा! पहिला जर्मनीचा प्रोटेक्शनिस्ट, वर जॉकी रायन मूर. घोड्याच्या चार लांबींनी पुढे गेला, फोटो बघायची गरजच नाही. तिसरा हू शॉट द बारमन. २०११ ला रेड काडो फक्त नाकभर हरला होता, २०१३ ला पुन्हा दुसरा, आज तिसऱ्यांदा. वय वर्षे आठ.
आता वाईट बातमी. फेवरिट अ‍ॅडमायर रक्ती शेवटचा आला आणि तबेल्यात परतल्यावर कोसळून गेला. अराल्डो शर्यतीनंतर प्रेक्षकांतल्या झेंड्याला बुजला, कुंपणावर पाय मोडला, त्यालाही कायमचं झोपवावं लागलं. आपल्या स्वीपमध्ये, म्हणजे पैसे घालून घोड्यांच्या चिठ्ठ्या काढतो त्यात, शेवटच्या घोड्याच्या चिठ्ठीचे पाच डॉलर परत द्यायचा नियम आहे. ती चिठ्ठी वहिनींची. कसं सांगू?
– खजिनदार

Re: Re:
नको मला ते पाच डॉलर. गणपतीच्या वर्गणीत टाका.
– वहिनी

Re: Re: Re:
मामांना सगळं वाचून दाखवलं. रेड काडोवर त्यांचा निकाल तयार: "तीनदा दुसरा? जनावर चोख हाय, वरचा माणूस बदला." मग हँडिकॅप समजावला. जो घोडा भारी त्याच्या पाठीवर वजन जास्त, ३२०० मीटर, रक्तीवर सगळ्यांत जास्त, साडेअठ्ठावन्न किलो. मामा भडकले. "पळतोय म्हणून वझं? आरं, मग कोण पळंल?" मी म्हटलं, सगळे एकदम पोचावेत म्हणून. "मग शर्यत कशाला लावता!"
रक्तीचं ऐकल्यावर मात्र बोलले नाहीत. कप तसाच ठेवून गोठ्यात गेले. तासाभरानं आले आणि विचारतात, "पडला तवा जवळ कोण हुतं त्याच्या?"
खजिनदारसाहेब, कुठे काही छापून आलं असेल तर कळवा. ते पुन्हा विचारणार.