नोटांची क्लिप सैल पडते, कुठली घेऊ?

डोंबिवलीकर: लोकलच्या गर्दीला कंटाळून पाकीट सोडलं, चकचकीत मुलामा दिलेली क्लिप घेतली. सहा महिन्यांत तिनं तोंड वासलं. परवा कुर्ल्याला रिक्षातून उतरताना शंभराच्या दोन नोटा घरंगळल्या. दोन्ही ओल्या चिखलात! टिकाऊ काय घेऊ?

लेथवाला: किती नोटा कोंबत होतास? पत्रा एका मर्यादेपलीकडे ताणला की परत येत नाही. ३०४ स्टीलची (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) घे, पत्रा जाड आणि कडा घासलेल्या हव्यात. नखानं चाचपून बघ, खरखर लागली तर नोट फाटणारच. टायटॅनियम हलकं, लवचीक, पण महाग. पाचशेची नोट १५० मिमी, दुमडली की ७५. दुमडलेली बाजू आत सरकव, दहा-बाराच ठेव.

मालवणी: पितळेची नको हां. माझी घामानं हिरवी पडली, नोटांवर डाग. चिंचेनं घासतो, चार दिवस चमकते, परत तेच. आणि चुंबकवाली असेल तर काळ्या चुंबकीय पट्टीचं बँकेचं कार्ड लांब ठेवा, पट्टी बिघडू शकते.

डोंबिवलीकर: नोटा आठच असायच्या हो. बाकी पावत्या, बायकोची किराणा यादी आणि पासची झेरॉक्स.

लेथवाला: मग बिचारी क्लिप काय करणार! जुनी फेकू नकोस, पक्कडीनं हलकेच दाबून बघ. यादीपुरती चालेल.