मदत हवी आहे : जुनी मॅटाडोर, दीड वर्षाची लेक आणि महेश्वर

मंडळी, सासऱ्यांची जुनी मॅटाडोर आम्ही इंदुरातच फिरत्या घरासारखी करून घेतली. मागे फळीचा पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी. दिवाळीनंतर जाम घाटातून महेश्वर, परतताना मांडू, असा तीन दिवसांचा बेत आहे. सोबत दीड वर्षाची लेक. पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ!

अडचण तिला बसवण्याचीच. मागची बाकं खिडक्यांना पाठ लावून, पट्टे नाहीत. मुलांची कारसीट अशा आडव्या बाकावर लावता येत नाही, एवढं कळलंय. मग पुढे तोंड असलेली सीट आणि खांद्यावरून येणारा पट्टा थेट चॅसीला पक्का बसवून देणारा कारागीर कुणाला माहीत आहे का? सासूबाई म्हणतात, "मांडीवर घे की, आम्ही नाही का मुलं वाढवली?" घाटात करकचून ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही, हे त्यांना कसं समजावू?

बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही, हे ठरलंय, दूध थर्मासमध्ये. पण झोपेत ती पलंगावरून पडू नये म्हणून तुम्ही काय लावलंत, जाळी की फळी?